पेशीचा मांडव: सदाफुली, जंताची गोळी आणि रोज मोडून उभा राहणारा सांगाडा

शेजारच्या काकूंनी मागच्या आठवड्यात मोबाइल पुढे केला. "तू ते सायन्सचं लिहितोस ना, बघ बरं हे खरं आहे का." संदेश नेहमीच्याच वळणाचा होता. रोज सकाळी सदाफुलीची दोन पानं चावून खा, साखर आटोक्यात राहते आणि कॅन्सर जवळ फिरकत नाही. काकूंच्या अंगणात सदाफुलीची तीन झुडपं आहेत, त्यामुळे प्रश्न अगदी हाताशी होता.

हा संदेश निव्वळ थाप असता तर सोपं होतं. पण सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरची दोन औषधं खरंच मिळतात. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी आठवा. तिच्या विषारी कंदात कोल्चिसिन असतं, आणि तेच अगदी मोजक्या मात्रेत गाउटच्या रुग्णाला गोळीतून देतात. शाळांमधून जंतनाशक दिनी मुलांना जी गोळी चघळायला लावतात, ती अल्बेंडाझोल. एक कर्करोगावर, एक सांधेदुखीवर, एक जंतांवर. वरवर पाहता यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण तिन्ही जाऊन धरतात ते एकाच प्रथिनाला. ते प्रथिन म्हणजे पेशीच्या सांगाड्याची वीट.

म्हणून काकूंना उत्तर द्यायचं तर आधी हा सांगाडा समजून घ्यायला हवा.

पेशी म्हणजे पाण्याची पिशवी नव्हे

शाळेच्या वहीत आपण पेशी काढायचो ती फोडलेल्या अंड्यासारखी: बाहेर एक गोल, मध्ये केंद्रक, आजूबाजूला चार ठिपके. त्या चित्रात एक मोठी लबाडी आहे. ठिपक्यांच्या मधली जागा कोरी सोडलेली असते, जणू तिथे पाणीच आहे. प्रत्यक्षात ती जागा धाग्यांनी गच्च भरलेली असते. या धाग्यांच्या जाळ्यालाच पेशीचा सांगाडा म्हणतात.

धागे मुख्यतः तीन प्रकारचे. सर्वांत बारीक ॲक्टिनचे, सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ॲक्टिन पहिल्यांदा सापडलं ते स्नायूंत, १९४२ मध्ये हंगेरीतल्या सेगेड शहरात, ब्रुनो स्ट्राउब यांना. ते केवळ स्नायूंपुरतं नाही, जवळपास प्रत्येक पेशीत आहे, हे लोकांना पटायला पुढे बराच काळ गेला. पेशी सरकते, पाय पसरते, जखमेकडे धावते, ते ॲक्टिनच्या जोरावर.

दुसरे धागे मधल्या जाडीचे, सुमारे १० नॅनोमीटरचे. हे दोरखंड. ताण सोसणं हेच त्यांचं काम. केस आणि नखं ज्या केरॅटिनची, ते याच घराण्यातलं. त्वचेतल्या केरॅटिनच्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांना साध्या घासण्यानंही फोड येतात. या धाग्यांवर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा. इथे त्यांना नमस्कार करून पुढे जाऊ.

तिसऱ्या आहेत नळ्या, २५ नॅनोमीटर रुंदीच्या. माणसाच्या एका केसाच्या रुंदीवर अशा तीन हजारांहून अधिक नळ्या शेजारी शेजारी मांडता येतील. आपली तिन्ही औषधं याच नळ्यांच्या मागे लागतात.

तेरा कामट्यांची नळी

नळीची वीट म्हणजे ट्युब्युलिन. खरं तर ही जोडवीट आहे: अल्फा आणि बीटा अशी दोन प्रथिनं एकमेकांना चिकटून ८ नॅनोमीटर लांबीची एक जोडी बनते. अशा जोड्या एकापुढे एक लागल्या की एक कामटी तयार होते. अशा साधारण तेरा कामट्या गोलाकार उभ्या केल्या की झाली पोकळ नळी. एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढी नळी बांधायला सोळाशेच्या आसपास जोड्या लागतात.

आता यातली गंमत. प्रत्येक जोडी नळीत बसायला येते तेव्हा तिच्याजवळ जीटीपी नावाचा ऊर्जेचा रेणू असतो. तो असेपर्यंत जोडी इतर जोड्यांबरोबर सरळ राहायला तयार असते. नळीत बसल्यावर काही वेळात तो रेणू तुटतो आणि जोडीला बाहेरच्या बाजूला वाकायची ओढ लागते. पण आजूबाजूच्यांनी धरून ठेवल्यामुळे तिला वाकता येत नाही. वाकवलेल्या बांबूच्या कामट्या सरळ करून टोकाला सुतळीनं आवळून ठेवाव्यात, तशी ही अवस्था. टोकावर नव्या, ताज्या जोड्या बसत आहेत तोवर सुतळी घट्ट. ताज्या जोड्यांचा पुरवठा क्षणभर मागे पडला की सुतळी सुटते, कामट्या फटाफट बाहेर वळतात आणि नळी वरून खाली उसवत जाते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांत ही उसवणारी टोकं मेंढ्याच्या शिंगांसारखी वळलेली दिसतात.

थंडीत विरघळणारा सांगाडा

हे सगळं कळलं कसं, ही गोष्ट मला नळ्यांपेक्षाही रंजक वाटते, कारण तिच्यात सूक्ष्मदर्शकानं माणसाला अनेकदा फसवलं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोक पेशींना आम्लात मारून, रंगवून काचेवर पाहत. विभागणाऱ्या पेशीत दोन टोकांना जोडणारी, सूतकताईच्या चातीसारखी एक आकृती दिसे आणि तिच्यात बारीक तंतू. रंगसूत्रं, म्हणजे आनुवंशिक मजकुराच्या गुंडाळ्या, याच चातीवरून दोन्हीकडे वाटली जातात. पण शंका रास्त होती: हे तंतू जिवंत पेशीत असतात, की आम्ल ओतल्यावर दूध फाटावं तसं काहीतरी फाटून झालेलं आपण पाहतो?

उत्तर दिलं शिन्या इनोउए या जपानी शास्त्रज्ञानं. युद्धानंतरच्या जपानमध्ये सामानाची चणचण होती. त्यानं भंगारात गेलेल्या मशीनगनच्या बैठकीवर स्वतःचा सूक्ष्मदर्शक उभा केला. युक्ती होती ध्रुवित प्रकाशाची. ही युक्ती घरी करून पाहता येते. लॅपटॉपचा पडदा कोरा पांढरा ठेवा, डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल लावा आणि पडदा काळा दिसेपर्यंत मान तिरकी करा. आता मध्ये कंपासपेटीतली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी धरा. काळ्या पडद्यावर ती रंगीत चमकू लागेल. पट्टीतले रेणू एका दिशेनं ताणलेले असतात म्हणून हे घडतं. पेशीतही जिथे धागे एका दिशेनं मांडलेले, तिथे चमक. ना आम्ल, ना रंग, ना मारणं.

पुढे अमेरिकेत जाऊन १९५३ मध्ये इनोउए यांनी दाखवून दिलं की चातीतले तंतू जिवंत पेशीत खरोखरच असतात. पण त्याहून चमत्कारिक होतं ते पुढचं. पेशी थंड केली की चाती नाहीशी होई. ऊब दिली की काही मिनिटांत पुन्हा उभी. कोल्चिसिन घातलं तरी तेच, चाती गायब. कुठला सांगाडा असा वागतो?

दरम्यान इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकवाल्यांना या नळ्या फारशा सापडत नव्हत्या. कारण आज विचित्र वाटेल. पेशी नासू नयेत म्हणून ते त्यांना बर्फावर ठेवून ऑस्मियमच्या द्रावणात पक्क्या करत. म्हणजे जे पाहायचं तेच आधी थंडीनं विरघळवून मग शोधत बसत! १९६३ मध्ये ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन वापरात आलं, खोलीच्या तापमानाला पेशी पक्क्या करता येऊ लागल्या, आणि त्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांनी वनस्पतींच्या पेशींत नळ्यांच्या रांगाच्या रांगा दाखवल्या. मग १९६७ मध्ये शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन आमिषासारखं वापरलं आणि ते ज्याला चिकटतं ते प्रथिन बाहेर काढलं. तेच ट्युब्युलिन. म्हणजे कळलावीतल्या विषानंच सांगाड्याची वीट हुडकून दिली.

सांगाडा हा शब्दच चुकीचा?

माझं मत विचाराल तर हो. सांगाडा म्हटलं की डोळ्यांपुढे हाडं येतात, माणूस गेला तरी मागे उरणारी. पेशीतल्या नळ्या त्याच्या अगदी उलट आहेत.

१९८४ मध्ये टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी परीक्षानळीत नळ्या वाढवून मोजल्या. वाटलं होतं की सगळ्या एका लांबीवर येऊन स्थिरावतील. घडलं भलतंच. एकाच द्रावणात काही नळ्या सावकाश वाढत होत्या आणि त्यांच्या शेजारीच काही झपाट्यानं उसवत होत्या. वाढता वाढता एखादी अचानक कोसळे, मध्येच सावरून पुन्हा वाढू लागे. म्हणून मला मांडव हा शब्द जास्त पटतो, आणि त्यातही वारीतल्या पालखी तळावरचा. आज या गावात राहुट्या उभ्या, पहाटे उतरवल्या, दुपारी पुढच्या गावी त्याच बांबूंवर पुन्हा उभ्या.

एवढी मोडतोड कशासाठी? उभारलेलं टिकवणं स्वस्त नाही का पडत? चातीचं उदाहरण घ्या. पेशी विभागायला निघाली की रंगसूत्रं आत कुठेही पसरलेली असतात आणि नळीला डोळे नसतात. मग ती अंधारात हात चाचपावा तशी एका दिशेनं वाढते, काही लागलं नाही तर कोसळते आणि दुसऱ्या दिशेनं पुन्हा वाढते. शेकडो नळ्या एकदम असं चाचपत असतात. रंगसूत्राची मूठ हाती लागली की ती नळी टिकते. मोडण्याची सोय नसती तर चुकीच्या दिशेला गेलेली नळी तिथेच अडकून पडली असती.

आज वाढत्या टोकावर बसणाऱ्या एका प्रथिनाला चमकतं शेपूट जोडून हे जिवंत पेशीत पाहता येतं. पडद्यावर दिसतात धूमकेतूसारखे सरकणारे शेकडो ठिपके. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती पेशी वाटतच नाही, दिवाळीची रात्र वाटते.

नळ्यांवरचे माथाडी

नळ्यांचा दुसरा उपयोग रस्त्यांसारखा. कमरेतून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी चेतापेशी जवळजवळ मीटरभर लांब असते. कारखाना वर, गिऱ्हाईक खाली. प्रथिनं नुसती पाण्यात पसरत खाली जातील म्हटलं तर शेकडो वर्षं लागतील. प्रत्यक्षात सर्वांत वेगवान माल दिवसाला सुमारे ४० सेंटिमीटर सरकतो.

हा माल कोण वाहतं, याचा शोध मत्स्यावताराला शोभेल असा लागला. म्हाकूळ म्हणजे स्क्विडच्या अंगात एक चेतातंतू असतो, नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा जाड. रॉन व्हेल आणि मायकेल शीट्झ यांना तो हवा होता, पण १९८३ च्या एल निन्योमुळे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर म्हाकूळ आलंच नाही. मग ते देश ओलांडून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वूड्स होलला गेले. तिथे सूक्ष्मदर्शकाला व्हिडिओ कॅमेरा जोडून, चित्रातला फरक इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं वाढवून एकेकटी नळी जिवंत पाहण्याचं तंत्र नुकतंच बसलं होतं. १९८५ मध्ये त्यांनी किनेसिन वेगळं काढलं: दोन पायांचं प्रथिन, ८ नॅनोमीटरची एकेक ढांग टाकत, प्रत्येक ढांगेला ऊर्जेचा एक रेणू खर्चत नळीवरून चालणारं. ढांगेचं माप आणि विटेचं माप एकच. म्हणजे प्रत्येक पाऊल पुढच्या विटेवर.

किनेसिन बहुतेक वेळा पेशीच्या मध्याकडून कडेकडे जातं, डायनीन नावाचं दुसरं प्रथिन कडेकडून आत येतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटानं प्रकाशाच्या चिमट्यात माल पकडून या हमालांची ताकद मोजली. किनेसिन एकटं जोरकस. डायनीन एकटं अगदी लेचंपेचं, पण दहाबारा एकत्र आले की ओझं असं वाटून घेतात की मोठा माल हलतो. रस्सीखेच खेळलेल्या कुणालाही हे पटेल: एका पैलवानापेक्षा एका तालात ओढणारी पोरं भारी पडतात.

एवढं बारीक दिसतंच कसं?

इथे चौकस वाचक अडवतो. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दिसत नाही, हे एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच सांगून ठेवलंय. मग २५ नॅनोमीटरची नळी कशी दिसते?

दिसणं वेगळं आणि निराळं ओळखणं वेगळं. रात्री घाटात लांबवर ट्रक येत असला की दोन दिव्यांचा एकच दिवा वाटतो. दिवा दिसतो, पण एक की दोन ते कळत नाही. चमकणारी नळीही तशीच दिसते, फक्त तिच्या खऱ्या रुंदीच्या दहापट फुगलेली. आणि शेजारी दुसरी असली तर दोन्ही मिळून एक धूसर रेघ.

ही भिंत ओलांडायच्या युक्त्यांना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं: एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर. त्यातली एक युक्ती अशी. सगळे दिवे एकदम लावायचेच नाहीत. गणपतीच्या माळेतले दिवे जसे आळीपाळीनं लुकलुकतात, तसे चमकते रेणू थोडे थोडे पेटवायचे. एकटा दिवा धूसर दिसला तरी त्या धूसर ठिपक्याचा मध्य अचूक काढता येतो. असे लाखो मध्य टिपून चित्र जोडायचं. २०१३ मध्ये याच तऱ्हेनं चेतातंतूंच्या आत ॲक्टिनची कडी दिसली, दर १८०-१९० नॅनोमीटरवर एक, पिंपाला घातलेल्या लोखंडी पट्ट्यांसारखी. शंभर वर्षं लोक चेतापेशी पाहत होते, आणि ही कडी कुणालाच दिसली नव्हती.

दुसरी युक्ती मला फार आवडते, कारण तिच्यात भिंगाला हातच लावलेला नाही. भिंग सुधारत नसेल तर वस्तूच मोठी करा! बाळाच्या डायपरमध्ये पाणी पिऊन फुगणारा जो पदार्थ असतो, त्याच जातीची जेली पेशीत भिनवायची, चमकते रेणू तिला बांधायचे आणि पाणी घालायचं. साबुदाणा फुगावा तशी जेली सगळ्या बाजूंनी साडेचारपट फुगते आणि जवळजवळचे धागे वेगळे दिसू लागतात. २०१५ मध्ये एड बॉयडन यांच्या प्रयोगशाळेनं हे करून दाखवलं.

मग ही रंगीत चित्रं खरी किती?

पहिली गोष्ट, ते हिरवे-जांभळे रंग संगणकानं भरलेले असतात. नळी हिरवी नसते. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बारीक वस्तूला आपल्या अर्थानं रंगच नसतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नळी चमकवायला तिच्यावर प्रतिपिंडांचे दोन थर चढवतात. ही प्रतिपिंडं स्वतःच सुमारे १० नॅनोमीटरची. त्यामुळे उत्तम यंत्रातही २५ ची नळी ६० च्या घरात दिसू शकते. स्वेटरवरून कोट घातलेल्या माणसाच्या छातीचं माप घ्यावं, तसं. जिवंत पेशीवर प्रखर प्रकाश टाकला तर ती भाजते आणि भाजलेल्या पेशीचं वागणं बदलतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निर्वात पोकळी असते, तिथे जिवंत काही चालत नाही. अतिशीत तंत्रानं हा प्रश्न थोडा सोडवला. नमुना इतक्या झटक्यात गोठवतात की पाण्याला स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही. आज ट्युब्युलिनमधल्या अणूंची जागाही अशा चित्रांतून काढता येते. पण तेही गोठलेल्या क्षणाचं चित्र.

म्हणून या क्षेत्रातले जाणते लोक एका यंत्रावर विसंबत नाहीत. इनोउए यांचा धडा अजून लागू आहे: मेलेल्या पेशीत दिसलं ते जिवंत पेशीत, दुसऱ्या वाटेनं, पुन्हा दिसलं पाहिजे.

औषधाला कॅन्सर कसा कळतो?

कळत नाही. खरी गोम इथेच आहे.

सदाफुलीची औषधं ट्युब्युलिनच्या विटा अडवून नळ्या बांधूच देत नाहीत. चाती उभी राहत नाही, पेशीची विभागणी अडते आणि ती मरते. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतलं पॅक्लिटॅक्सेल याच्या नेमकं उलट वागतं. १९७९ मध्ये सुसान हॉर्विट्झ यांच्या गटानं दाखवलं की ते नळ्यांना आवळून धरतं, मोडूच देत नाही. तरीही परिणाम तोच, पेशी अडकून मरते. मांडव उभारू दिला नाही तरी लग्न अडतं, आणि कालचा मांडव उतरवू दिला नाही तरी आजचं अडतं. सांगाड्याचं मोडणं हेच काम आहे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

कर्करोगाच्या पेशी सारख्या विभागत असतात म्हणून त्या जास्त सापडतात, एवढंच. केसांच्या मुळांतल्या आणि रक्त बनवणाऱ्या पेशीही भराभर विभागतात, त्याही सापडतात. म्हणून केमोथेरपीत केस जातात आणि पांढऱ्या पेशी घटतात. चेतापेशी तर विभागतही नाहीत, पण त्यांचे मीटरभर लांब रस्ते याच नळ्यांचे. म्हणून रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, आणि त्या सुरू होतात बोटांच्या टोकांपासून, म्हणजे रस्ता जिथे सर्वांत लांब तिथून.

मग जंताच्या गोळीनं मुलांचे केस का जात नाहीत? कारण जंताची वीट आणि आपली वीट यांत बारीक फरक आहे आणि अल्बेंडाझोल जंताच्या विटेला कितीतरी घट्ट धरतं. फरक खरंच बारीक. मेंढ्यांच्या पोटातल्या काही जंतांत बीटा ट्युब्युलिनच्या साखळीतली २०० व्या जागेवरची एक कडी बदलली आणि या घराण्यातली औषधं त्यांच्यावर निकामी झाली.

काकूंना काय सांगितलं

त्यांच्या संदेशातला साखरेचा दावा तपासून झालेला आहे. १९५० च्या दशकात जमैकाहून सदाफुलीची पानं कॅनडात पोहोचली, कारण तिथे मधुमेहावर तिचा काढा पीत. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी उंदरांना अर्क दिला. साखर काही उतरली नाही. अर्क टोचलेले उंदीर मात्र जंतुसंसर्गानं मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशीच खलास झाल्या होत्या. त्या अपयशातूनच व्हिन्ब्लास्टीन हाती लागलं. शुद्ध औषधाचा डोस डॉक्टर रुग्णाचं रक्त तपासत मिलिग्रॅममध्ये ठरवतात. अंगणातल्या पानात किती काय आहे, हे त्या झुडपालाही ठाऊक नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे झाडं उपटून टाकू की काय?"

उपटू नका म्हटलं. देवाला फुलं वाहा, पानं तेवढी तोंडात घालू नका. त्यांनी संदेश पुसला. पुढे कुणाकुणाला पाठवून झाला होता, ते मी विचारलं नाही.